गावाच्या दारांवरचा पूल

आमच्या गावात एका उन्हाळ्यात कुणाच्याच घराला दार नव्हतं. दरोडा पडला नव्हता की आग लागली नव्हती. सगळी दारं ओढ्यावर होती, आणि ती तिथं नेऊन निजवणारा मी होतो.

गाव परभणीकडच्या झरी गावाच्या पलीकडचं. गाव आणि सडक यांच्यामध्ये ओढा. उन्हाळ्यात त्यात शेरडंसुद्धा पाय ओला न करता पलीकडं जायची, पण आभाळ भरून आलं की बाजार, दवाखाना, कचेरी सगळं पलीकडं आणि आम्ही अलीकडं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नवं सरकार म्हणालं, दगड, वाळू, खडी आणि अंगमेहनत तुमची. सिमेंट आणि सळया आमच्या. गाव लगेच हो म्हणालं. गुत्तेदारी, म्हणजे कामाचा ठेका, कुणाला द्यायची, असा प्रश्न निघाल्यावर मी सर्वांत आधी उभा राहिलो. उभं राहण्यात मी कायम पहिला. कशासाठी उभा राहिलो ते मला नंतर कळतं.

मी गवंड्याचा मुलगा. वडील चुन्याच्या कामातले कसबी. बैल जुंपून दगडी चाकाखाली चुना मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालायचा आणि मग तो मुरत ठेवायचा, हे सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकलो होतो. त्यांनी बांधलेल्या आडात डोकावून लोक म्हणायचे, गुळाचा चुना हाय, पहारीनं निघायचा न्हाई. वडील गेल्यावर मी टोपी घातली, हातात टेप घेतली आणि स्वतःला गुत्तेदार म्हणवून घेऊ लागलो. थापी तीच होती. तिला मी पिशवीत लपवून न्यायचो, एवढाच फरक.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर दगडी भिंती झकास उभ्या राहिल्या. त्यात माझं डोकं लागलं नव्हतं, म्हणून त्या चांगल्या झाल्या. आता दोन भिंतींवर सिमेंटची स्लॅब टाकायची. ओलं सिमेंट हवेत उभं राहत नाही, त्याला खालून फळ्यांचा आधार लागतो. फळ्या कुठून आणायच्या? जिनिंगवाल्याकडं मागून पाहिल्या. तो म्हणाला, माझ्याच छपराला टेकू लागलाय. शेवटी मी चावडीत गावाला म्हणालो, "दारं द्या."

ही साधी मागणी नव्हती. रझाकारांच्या सालात याच दारांना आतून अडसर लावून गाव झोपायचं, म्हणजे झोपायचं नाहीच. त्या गोष्टीला फार वर्षं झाली नव्हती. माली पाटील, गावातले वडीलधारे, महसुलाचं काम बघणारे, मिशीला पीळ देत म्हणाले, "परत कधी देशील?"

"पंधरवड्यात. पूल वाळला की दार ज्याचं त्याच्या चौकटीत."

"तुझ्या बापाचा शब्द खरा हुता. तुझा काय हाय ते बघू," असं म्हणून त्यांनीच पहिलं दार उतरवलं. मग घराघरातून दारं निघाली. बाभळीची, निंबाची, एक दोन सागवानी. बायका दारावरचे हळदीकुंकवाचे ठसे पुसू नका म्हणून सांगत होत्या. मी हो म्हणत होतो.

एक दार मात्र आलं नाही. माझं. आमचं दार दोन झडपांचं, सागवानी, एका झडपेवर वडिलांनी सुताराकडून कमळ कोरून घेतलेलं. गुत्तेदाराच्या घरात सरकारी माल असतो, दार पाहिजेच, असं कारण मी दिलं. सरकारी माल म्हणजे एक टेप आणि दोन घमेली.

बांधकाम खात्याचे ओव्हरसियर परभणीहून सायकलवर येऊन सळया तपासून गेले होते. वयस्कर माणूस, बोलणं दखनीत. जाताना म्हणाले, "सिमेंट, रेती, खडी, पानी. बस. और कुछ नक्को."

साहेब शहरातले. त्यांना गुळाचं काय कळणार, असं मी मनात म्हणालो. चुना म्हणजे दगड जाळून केलेली भुकटी, सिमेंट म्हणजे दगड जाळून केलेली भुकटी. रंग तेवढा वेगळा. चुन्याला जे मानवतं ते त्याच्या शहरी भावाला का मानवणार नाही? मी घरोघर निरोप धाडला, पुलासाठी गुळाचा खडा द्या. दारं देणाऱ्या गावाला गूळ देणं अवघड नव्हतं. मोठ्या कढईत गूळ विरघळवला. काकवीचा वास ओढ्याच्या पार पलीकडं गेला. आणि ज्या दिवशी स्लॅब टाकली त्या दिवशी कालवलेल्या प्रत्येक घाण्यात मी माझ्या हातानं तो काळा रस ओतला. खडीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांत एक मावशी होत्या, वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. त्या म्हणाल्या, "गुत्तेदार, वेलदोडा बी टाका की."

"मावशी, तुमी बघाच. तुमच्या नातवाचे नातू या पुलावरनं जातील."

"आन् चाटत जातील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलावर गेलो आणि स्लॅबवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. मी ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि इकडंतिकडं पाहिलं. मुरतंय, असं स्वतःला सांगितलं. चुनासुद्धा सावकाश घट्ट होतो. त्यानंतरच्या दिवशीही बोट आत गेलं. उन्हानं वरची साय सुकायची, खाली तसंच लोण्यासारखं. मी स्लॅबवर गोणपाटं टाकली, पाणी मारलं, पाणी मारणं बंद केलं, पुन्हा मारलं. मग मुंगळे आले.

दगडी भिंतीवरून त्यांची काळी ओळ चढली आणि स्लॅबच्या काठानं पसरली. गाव बघायला आलं. मी हळद टाकली, राख टाकली, मुंगळे वळसा घालून जात राहिले. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुत्तेदार, पूल केलाव का पुरण घातलंव?"

मी ठामपणे सांगितलं, मुंगळे पावसाचा सांगावा घेऊन आलेत, त्यांचा स्लॅबशी संबंध नाही. आज आठवलं तरी हसू येतं. मुंगळे सरळ बोट दाखवत होते आणि मी त्यांना हवामान विचारत होतो.

गावात कारणं निघू लागली. कुणी म्हणालं सिमेंट ओलं होतं, कुणी म्हणालं वाळूत माती, कुणी म्हणालं आडाचं पाणी मचूळ झालंय, कुणाला नारळ चुकीच्या दिशेला फोडलेला आठवला. गुळाचं नाव कुणीच काढलं नाही. गूळ प्रत्येकाच्या घरचा होता. मी सिमेंटवर ठाम राहिलो. धोतराच्या सोग्यात थोडं सिमेंट बांधून परभणीला गेलो आणि ओव्हरसियर साहेबांसमोर ते टेबलावर ओतलं. म्हणालो, तुमचा माल खोटा आहे.

त्यांनी चिमूटभर बोटात चोळलं. "माल बराबर है. क्या क्या डाले सो बोलो."

"सिमेंट, रेती, खडी, पाणी."

"और?"

और म्हणजे घराण्याचं गुपित. ते मी खात्याला फुकट का देऊ? "और कुछ नहीं," मी म्हणालो.

"फिर तो जमना था, मियाँ." त्यांनी चष्मा काढला. "देखो. दूसरे गाँव के पुल की थैलियाँ पड़ी हैं गोदाम में. वो तुमको दे सकता हूँ. लेकिन पहले वजह बताओ. वजह मालूम हुए बगैर एक थैली नक्को. कल वो भी ऐसाच पतला करके रखे तो?"

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "वजह लाओ, बारिश के पहले."

परत येताना सगळा रस्ता मी सिमेंटला शिव्या दिल्या. गावाच्या वेशीजवळ आलो तेव्हा शिव्या संपल्या होत्या आणि घरं दिसत होती. प्रत्येक चौकटीत अंधार. कुणी पोतं टांगलेलं, कुणी जुनं लुगडं. एका घरातून कुत्रं भाकरी तोंडात धरून निघालं आणि मागून बाई ओरडत होती, पण ओरडताना तिनं माझ्याकडं पाहिलं, कुत्र्याकडं नाही. माझा पंधरवडा संपत आला होता. तिथंच मी ठरवलं, कारण सापडल्याशिवाय या गावात मान वर करायची नाही. आणि कारण माझ्याकडंच निघालं तरी चालेल. ही दुसरी गोष्ट मी हळूच ठरवली, निघणार नाही या खात्रीनं.

आधी स्लॅब खरवडून काढली. फावड्यानं निघाली, हे काय कमी झालं. गावानं आपापली दारं ओढ्यातल्या डबक्यावर धुतली आणि घरी नेली. माली पाटलांनी तेवढं विचारलं, "आता?"

"कारण शोधतो."

"शोध. आमी ओंडके टाकून जाऊ तोवर."

मी ओसरीवर बसलो आणि उरलेल्या सिमेंटचे लाडू वळायला घेतले. एक लाडू नदीच्या वाळूचा, एक ओढ्याच्या. एक आडाच्या पाण्यातला, एक नदीच्या पाण्यातला. एकात वाळू चाळून, एकात मातीसकट. प्रत्येक लाडवाखाली खूण म्हणून वेगळी वस्तू ठेवली: चिंचोका, कवडी, खापराचा तुकडा, तुटकी बांगडी. बायको दारात उभी राहून बघत होती. दार आमचं शाबूत होतं, म्हणून तिला दारात उभं राहता येत होतं.

"काय करायलाव?"

"तपास."

"कुणाचं बारसं हाय, तेवढं तरी सांगा," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी लाडू उचलले. सगळे दगड. एकेक भिंतीवर हाणला. भिंतीचा पोपडा उडाला, लाडू शाबूत. ओढ्याच्या वाळूचा घट्ट, मचूळ पाण्याचा घट्ट, मातीचासुद्धा बऱ्यापैकी घट्ट. सिमेंटवर मी जे जे आळ घेतले होते, ते ते निर्दोष सुटून माझ्यासमोर ओळीनं बसले होते. आता कोण उरलं?

मला कळलं. कळल्यावर मी उठून पाणी प्यालो, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, कुंपणाची एक काटी सरळ केली. पुन्हा येऊन बसलो. ते अजून तिथंच होतं. मग बायकोकडं गुळाचा खडा मागितला.

"खायला?"

"हां."

खाल्ला नाही. विरघळवला, उरलेल्या सिमेंटात मिसळला, शेवटचा लाडू वळला आणि कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या सकाळी कोनाड्यापर्यंत मुंगळ्यांची ओळ. लाडू दाबला. बोट आत गेलं. जिभेच्या टोकाला लावून पाहिला. गोड होता. ज्या गोष्टीनं त्यांचा आड उभा होता, त्याच गोष्टीनं माझा पूल आडवा झाला होता. त्यांची चूक नव्हती. त्यांनी गूळ चुन्याला दिला होता. सिमेंटला मी दिला, त्यांना न विचारता, त्यांच्या नावावर.

संध्याकाळी चावडीत गेलो. एका हातात घट्ट लाडू, एका हातात मऊ. म्हणालो, "कारण घावलं. सिमिटाला गूळ चालत न्हाई. गूळ मी घातला. साहेबांनी नको म्हणलं हुतं."

"तुझ्या बापानं गुळानंच आड बांधला की," कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला.

"ते चुन्याला. हे निराळं हाय. हातात घेऊन बघा."

लाडू हातोहात फिरले. प्रत्येकानं मऊ लाडू दाबला, बोटं पाहिली, मग घट्ट लाडू दाबला. एकानं दातानं सुद्धा बघितला. परत माझ्याकडं आला तेव्हा मऊ लाडवाची चकती झाली होती. माली पाटील म्हणाले, "म्हंजी तू समद्या गावाचा निवद वढ्याला दाखवलास."

हसू फुटलं. मीही हसलो, आणि हसणं संपायच्या आत म्हणालो, "सिमिट मिळंल. साहेब देतील. पर दारं पुन्यांदा पाहिजेत."

हसणं थांबलं. एकेक जण उठून गेला. शेवटी माली पाटील उठले आणि जाताना म्हणाले, "एकदा दिली बाबा."

घरी आलो. दाराकडं पाहिलं. कमळाच्या पाकळ्यांत वडिलांनी लावलेलं तेल मुरून काळं झालं होतं. पहिल्यांदा ते का दिलं नाही, याचं खरं कारण मला माहीत होतं: माझ्या स्वतःच्या कामावर मी माझं दार ठेवायला धजलो नव्हतो. लोकांची ठेवली.

"अगं, हे धर," मी म्हणालो आणि कमळाची झडप चौकटीतून उचलली.

बायकोनं दुसरं टोक धरलं. "आन् चोर आला तर?"

"त्याला पुलावर धाड. मजूर कमीच हायेत."

"तुमचं काय जातंय, घरात तर मी असते," ती म्हणाली, पण टोक सोडलं नाही. आम्ही दोघांनी झडप डोक्यावर घेतली आणि गल्लीतून निघालो. वाट मुद्दाम लांबची घेतली. चावडीवरून, आडावरून, माली पाटलांच्या ओट्यावरून. ओढ्यावर झडप टेकवून वळतो तर मागून मावशी. त्यांच्या झोपडीला दार नव्हतंच, तुराट्या विणून केलेला तट्ट्या होता. तो त्या काखेत मारून आल्या होत्या.

"ह्यो चालंल का गुत्तेदार? का ह्याला बी मुंग्या लागत्यात?"

"मावशी, ह्यो कडंला घालू."

"कडंला कशाला? मधी घाला. मी काय गूळ घातला न्हवता."

तट्ट्या मधल्या भागात, दोन दारांच्या सांध्यावर बसला. दिवस मावळायच्या आत माली पाटलांचा गडी बैलगाडी घेऊन आला, गाडीत दारं. मागून लोक. बायकांनी हळदीकुंकवाबद्दल या वेळी काही सांगितलं नाही. सांगून काय होतं ते त्यांना कळलं होतं.

मी परभणीला गेलो आणि ओव्हरसियर साहेबांच्या टेबलावर मऊ लाडवाची चकती ठेवली. म्हणालो, "वजह." त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मला परत जावंसं वाटलं. मग चिठ्ठी लिहिली. "ये अब सब को बताना," एवढंच म्हणाले.

दुसरी स्लॅब टाकली त्या दिवशी मी चहाची किटली ओढ्याच्या वरच्या वळणावर ठेवायला लावली. ज्यानं तो गोड चहा घेतला त्यानं हात धुतल्याशिवाय घाण्याजवळ यायचं नाही. लोक मला बघून मुद्दाम ओठ पुसायचे. पुसू दे. मी प्रत्येक घाण्यातून एक लाडू वळून ओळीनं ठेवला. दुसऱ्या सकाळी आधी लाडू दाबले, मग स्लॅब. दोन्हींनी बोटाला दाद दिली नाही. मी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. तो आवाज मला अजून कुठल्याही बांधकामावर ऐकू येतो आणि मी थांबून ऐकतो.

पंधरवडाभर गावानं पुन्हा कुत्री हाकली. आमच्या उघड्या बाजूनं शेजारच्या कोंबडीनं घरात येऊन माझ्या टोपीत अंडी घातली. मग दारं काढायचा दिवस आला. या वेळी दारांना करडईचं तेल चोपडलं होतं. टेकू काढले, दारं एकामागून एक सुटून खाली आली. ज्याचं त्यानं ओळखून उचललं. मावशींचा तट्ट्या निघाला आणि वर सिमेंटात त्याची वीण जशीच्या तशी उमटलेली. लोक खाली वाकून बघायला लागले. इथं माली पाटलांच्या दाराचे खिळे, तिथं कुणाच्या कडीचा वाटोळा ठसा.

एक झडप निघेना.

माझीच. मी ती ठेवताना कमळाची बाजू वर केली होती. पुलाच्या पोटात वडिलांचं कमळ उमटावं, असं मला वाटलं होतं. उमटणं म्हणजे सुटणंही लागतं, एवढा विचार केला नव्हता. खोल कोरलेल्या पाकळ्यांत सिमेंट शिरलं आणि तिथंच बसलं. तेल लावलं, पाचर मारली, लोंबकळून पाहिलं. झडप हलली नाही. स्लॅब इतकी पक्की झाली होती.

गावातलं बाकीचं प्रत्येक दार आपल्या चौकटीत गेलं होतं. माली पाटील खाली येऊन वर पाहत उभे राहिले. "शब्द खरा केलास," ते म्हणाले. "समद्यांची परत दिलीस. तुझं तेवढं ठिवून घेतलं पुलानं."

ओव्हरसियर साहेबांनी पाहणी करताना झडपेवर छडी आपटली आणि म्हणाले, "रहने दो." पुढच्या कामांवर, पालमला काय किंवा देवगाव फाट्याला काय, मी सुरुवातीला लाडू वळतोच, आणि ठसा उमटवायचा असेल तर आधी मुठीएवढ्या तुकड्यावर उमटवून, सोडवून बघतो. गवंडी हसतात. मी त्यांना कारण सांगतो. साहेबांनी सांगितलं होतं, सगळ्यांना सांग.

त्या पावसाळ्यात गाड्या पुलावरून गेल्या. आमच्या घरी एक झडप आणि एक पोतं, असं दार बराच काळ राहिलं. बायको बाजाराला जाताना पुलाखाली वाकून वर बघायची आणि परत आल्यावर सांगायची, "हाय अजून."